गुहागर ते मालगुंड : पौर्णिमेच्या पाण्याच्या वेळेने

कोकणच्या किनाऱ्याने सायकलवरून जाणाऱ्याला नकाशावरच्या किलोमीटरवरून दिवसाचा अंदाज बांधता येत नाही. गुहागर ते मालगुंड हे अंतर साठेक किलोमीटर भरते आणि देशावरच्या सपाट रस्त्यावर ते दुपारच्या जेवणाआधी सहज संपते. इथे मात्र रस्ता गावातून निघून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळमाळावर, चढतो, सड्यावर थोडे अंतर सरळ जातो, पुढच्या खाडीसाठी किंवा ओढ्यासाठी पुन्हा समुद्रसपाटीला उतरतो, आणि पूल ओलांडला की लगेच दुसरा चढ सुरू होतो. दिवसभर हेच चालू राहते. त्यातच तंबू बरोबर असला, वाळूवरून सायकल चालवायची हौस असली आणि वाटेत बोटीने खाडी ओलांडायची असली, तर चढउताराच्या हिशेबात पाण्याच्या वेळेचीही भर पडते. मांडव्याहून रेडीपर्यंत जायचे ठरवून मी आणि माझी धाकटी बहीण निघालो होतो. त्या प्रवासातला हा एक दिवस सविस्तर लिहीत आहे, कारण पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत त्याचा प्रत्येक टप्पा भरती-ओहोटीने ठरवला.

आदल्या संध्याकाळी गुहागरात एका वाडीत, नारळी-पोफळीच्या सावलीत, घरमालकांच्या परवानगीने आम्ही तंबू लावला होता. गुहागरच्या वाळूवर हिवाळ्यात समुद्रकासवे अंडी घालायला येतात, त्यामुळे तिथे पुळणीवर मुक्काम करायचा नाही, हे आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो. रात्री ओटीवर बसलो असताना त्या घरातल्या आजोबांनी आमचा दुसऱ्या दिवसाचा बेत विचारला आणि हेदवीचे नाव ऐकताच बहिणीला म्हणाले, "उद्या तिथी कोणती, ठाऊक आहे का बाय?"

"पौर्णिमा," ती म्हणाली.

"मग पंधराची पाऊणपट कर."

तिने बोटांवर हिशेब करून सव्वाअकरा असे उत्तर दिले. आजोबांनी मान डोलावली. "सव्वाअकराला पाणी पूर्ण भरेल. तिथल्या कातळातली बामणघळ बघायची तर त्या वेळेला पोचा. आणि पुळणीवरून सायकली न्यायच्या असतील तर पहाटे निघा, पाच-साडेपाचला सुकती आहे, पाणी पार उतरलेलं असेल."

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि त्यामागे सरळ कारण आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, आणि एका तिथीला पाऊण तास धरला की वेळ खऱ्याच्या अगदी जवळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ याप्रमाणे मोजायचे आणि पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की प्रतिपदेपासून पुन्हा आरंभ करायचा. दोन भरत्यांमध्ये बारा तास आणि वर पंचवीसेक मिनिटे जातात, त्यामुळे एक वेळ कळली की दुसरी भरती आणि मधल्या दोन्ही ओहोट्या आपोआप कळतात. गाव बदलले की वेळ थोडी मागेपुढे होते, पण सायकलस्वाराला एवढी अचूकता पुरते. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात आणि आम्ही ते पाहतही होतो. तरी त्या रात्रीपासून आम्ही आधी पाऊणपट करून मग तक्ता उघडू लागलो.

पहाटे उठलो तेव्हा तंबूचे वरचे कापड दवाने चिंब झाले होते. जानेवारीत किनाऱ्यावर थंडी बेताची असते, पण दव मात्र भरपूर पडते, आणि ओला तंबू गुंडाळला की त्याचे वजन तर वाढतेच, शिवाय दिवसभरात त्याला कुबट वास येतो. म्हणून कापड झटकून, कोरड्या फडक्याने पुसून, ते पिशवीत न कोंबता कॅरिअरच्या वर मोकळे बांधले, म्हणजे वाटेत उन्हात वाळेल. काकूंनी आग्रहाने वाढलेला मऊभात, मेतकूट आणि तूप खाऊन साडेसहाच्या सुमारास आम्ही सायकली पुळणीवर उतरवल्या.

पौर्णिमेच्या पहाटेचे या किनाऱ्यावरचे दृश्य वर्षातून थोड्याच वेळा पाहायला मिळते. पूर्वेला डोंगराच्या मागे उजाडू लागलेले होते आणि पश्चिमेला पूर्ण चंद्र अजून समुद्राच्या वर होता. ओहोटीने वाळू दूरपर्यंत उघडी पडली होती आणि त्या ओल्या वाळूत एका बाजूला चांदणे तर दुसऱ्या बाजूला पहाटेचा फिकट उजेड पडला होता. कोरड्या, भुसभुशीत वाळूत सामान लादलेली सायकल चार हातही जात नाही. पण पाणी नुकतेच हटलेल्या पट्ट्यात वाळू घट्ट बसलेली असते आणि टायरमधली हवा थोडी कमी केली की तिथे डांबरी रस्त्यासारखी सायकल पळते. त्या पट्ट्यावर बारीक खेकड्यांनी वाळूचे साबुदाण्याएवढे गोळे करून आपापल्या बिळाभोवती किरणांसारख्या रेषांमध्ये मांडून ठेवले होते. वाळूच्या कणांवरचे खाद्य खरवडून घेऊन ते उरलेली वाळू अशी गोळी करून टाकतात, आणि पुढच्या भरतीला सगळे पुसले जाते. पुढे कुरवांचा मोठा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसला होता. आम्ही खाली उतरून, सायकली हातात धरून लांबून वळसा घातला, कारण हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यासाठी आलेल्या पक्ष्यांना केवळ आपल्या वाटेत आहेत म्हणून उठवणे आम्हा दोघींनाही पटत नाही.

थोड्या अंतरावर हातात काठी घेतलेला एक कासवमित्र भेटला. वाळूवर उमटलेला एक ताजा माग तो पाहत होता. सुमारे दोन फूट रुंदीचा तो माग पाण्यातून निघून वर कोरड्या वाळूपर्यंत गेला होता आणि तिथून वळून पुन्हा पाण्याकडे परतला होता. ऑलिव्ह रिडले जातीची मादी डाव्या-उजव्या पायांनी आळीपाळीने ओढत चालते, त्यामुळे मागाच्या दोन बाजू समोरासमोर जुळत नाहीत, हे त्याने बोटाने दाखवले. मादी दीडेक फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटून ती दाबते आणि समुद्रात निघून जाते. पिल्ले बाहेर पडायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी ही अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात ठेवली जातात. २०२३ च्या फेब्रुवारीत याच किनाऱ्यावर दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवून त्यांना समुद्रात सोडले होते. त्यांतली बागेश्री नावाची मादी दक्षिणेला जाऊन, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. "सायकल खालून, ओल्या वाळूवरूनच न्या, ताई. वर खड्डा कुठे असेल ते आम्हालाही सगळीकडे माहीत नसतं," एवढेच त्याने सांगितले. पुळणीवर मोटारी आणि चारचाकींच्या कसरती करणाऱ्यांना हे वाक्य कोणी रोज ऐकवायला हवे. एका चाकाखाली शंभर अंड्यांचे घरटे दाबले जाऊ शकते, आणि ते दाबले गेल्याचे वर वाळूकडे पाहून कोणालाही कळत नाही.

दक्षिण टोकाला असगोलीच्या बाजूने पुळण सोडून रस्त्याला लागलो, आणि वाळूवरच्या मजेची किंमत तिथेच चुकती केली. खारी वाळू चेनमध्ये शिरली की कड्यांच्या मधल्या पिना झिजू लागतात, आणि मिठाने एका रात्रीत चेन तांबडी पडते. एका घराच्या विहिरीवर बादलीभर गोडे पाणी मागून घेतले, जुन्या दात घासायच्या ब्रशने मागच्या चकत्यांच्या फटींतली वाळू काढली, चेन हाताने उलटी फिरवत फडक्यात धरून कोरडी केली आणि प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडले. टायरमध्ये पुन्हा हवा भरली. या कामाला अर्धा तास लागतो आणि तो द्यावाच लागतो. पुढच्या चढावर चेन कुरकुरली तर तो आवाज सबंध दिवस साथ करतो.

पालशेतपर्यंतचा आणि तिथून अडूरकडे जाणारा रस्ता या किनाऱ्याच्या रचनेचा उत्तम नमुना आहे. खाली गाव, विहिरी, पोफळी, मंदिराचे तळे, सगळीकडे ओलावा. आणि दीड-दोन किलोमीटर चढून वर गेले की उघडाबोडका सडा, त्यावर जानेवारीत वाळून पिवळे पडलेले गवत आणि मधूनमधून काळपट-तांबडा कातळ. असे का होते, हे सायकलवर पाण्याची बाटली रिकामी झाली की चटकन समजते. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पडणारे प्रचंड पाणी त्यातून खाली झिरपते, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. म्हणून वस्ती पायथ्याला असते आणि वर प्यायला थेंब मिळत नाही. आम्ही प्रत्येक गाव सोडताना चारही बाटल्या भरून घ्यायचो. पाण्याचे तेवढे वजन चढावर जाणवते, पण सड्यावर सावलीही नसते हे लक्षात घेतले तर ते वाहण्याला पर्याय नाही.

चढाचे तंत्र साधे आहे. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवलेल्या पिशव्यांमध्ये, म्हणजे पॅनियरमध्ये, मिळून प्रत्येकीकडे पंधरा किलोच्या आसपास सामान होते आणि तंबूचे दोन भाग करून आम्ही ते वाटून घेतले होते. पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती लावून, बसूनच, श्वासाशी पाय जुळवून चढायचे. उभे राहून जोर लावला की मागचे वजन डावी-उजवीकडे झोल देते आणि शक्ती फुकट जाते. उताराला अधिक सांभाळावे लागते, कारण कोकणातल्या घाटीच्या वळणावर बारीक खडी साचलेली असते आणि वजनामुळे सायकल थांबायला जास्त अंतर घेते. ब्रेक सतत दाबून धरले की तापतात, म्हणून वळणाआधीच वेग कमी करून वळणात ब्रेक सोडायचा, हे मी बहिणीला मांडव्यापासून सांगत आले होते. आता ती माझ्या पुढे जाऊन ते माझ्यापेक्षा चांगले करत होती.

सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे अजून चालू होते. पूर्वेकडून येणारी ती थंड झुळूक डाव्या खांद्यावर लागायची आणि तिच्यातून कधी आंब्याच्या मोहोराचा तर कधी वाळत घातलेल्या मासळीचा वास यायचा. अडूर, बोऱ्या, वेळणेश्वर ही गावे आम्ही फार न थांबता मागे टाकली. वेळणेश्वराच्या देवळात पाच मिनिटे टेकलो, समोरची नारळांची रांग आणि पुळण डोळे भरून पाहिली आणि घड्याळ पाहून उठलो. एरवी त्या किनाऱ्यावर अर्धा दिवस काढला असता; पण सव्वाअकराचे पाणी कोणासाठी थांबणार नव्हते.

हेदवीला दशभुज गणेशाचे देऊळ टेकडीवर आहे आणि बहुतेक प्रवासी तेवढे पाहून परततात. आम्ही सरळ किनाऱ्यावरच्या उमामहेश्वराच्या देवळाकडे गेलो, सायकली तिथे लावल्या आणि कातळावरून बामणघळीकडे चालत निघालो. काळ्या कातळाला पडलेली ही एक अरुंद, उभी चीर आहे. समुद्राकडचे तिचे तोंड उघडे आहे आणि आत जाताना ती चिंचोळी होत जाते. लाट आत शिरली की दोन्ही भिंतींमध्ये दाबली जाते, मागे सरायला जागा उरत नाही, आणि तिचे सगळे पाणी शेवटी वर फेकले जाते. आम्ही पोचलो तेव्हा अकराला थोडा अवकाश होता. आत पाणी नुसते उसळत होते, कठड्यापर्यंत येऊन फेस सोडून परतत होते. नंतर दर पाचसहा लाटांमागे एखादी लाट खोल आवाज करत आत यायची, आधी पायाखालच्या दगडात तिचा धक्का जाणवायचा आणि मग पांढऱ्या पाण्याचा खांब उंच उठून कातळावर कोसळायचा. सव्वाअकराच्या आसपास प्रत्येक तिसरी-चौथी लाट तशी येऊ लागली. आजोबांचा हिशेब बरोबर ठरल्याचा आनंद बहिणीच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. पावसाळ्यात याहून कितीतरी मोठे फवारे उडतात, परंतु त्या दिवसांत कातळ शेवाळलेला असतो आणि जवळ जाणे धोक्याचे असते. हिवाळ्यातही घळीच्या अगदी काठावर उभे राहू नये. ओला झालेला कातळ कुठपर्यंत आहे ते आधी पाच-दहा मिनिटे पाहावे आणि त्याच्या अलीकडेच थांबावे.

गावात आमटी-भात आणि सोलकढी घेऊन एकच्या सुमारास निघालो, तोवर वारा फिरला होता. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे येऊ लागतात आणि हिवाळ्यात या किनाऱ्यावर त्यांची दिशा बहुधा वायव्येची असते, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याला ते उजव्या खांद्यामागून ढकलतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचा आमचा निर्णय याच कारणासाठी होता. नरवण, रोहिले हे चढ भर उन्हातले होते, तरी सड्यावर पोचले की पाठीमागून येणारा वारा इतका नीट मिळायचा की पुढचे चारपाच किलोमीटर पाय नुसते फिरत राहायचे. एका ठिकाणी पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड डोक्यावरून गेला. किनाऱ्यावर त्याला काकण म्हणतात. तो पंख न हलवता कड्याच्या कडेने वर चढला आणि खाडीकडे वळला. आम्हालाही तिकडेच जायचे होते.

तवसाळला शास्त्री नदी समुद्राला मिळते. अलीकडे विजयगड, पलीकडे जयगड, आणि मध्ये खाडीचे रुंद, हिरवट पाणी. याच नदीच्या वरच्या अंगाला संगमेश्वर आहे, जिथे १६८९ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. जयगडच्या तोंडाशी उभे राहून पूर्वेला पाहताना त्या नदीच्या दुसऱ्या टोकाची आठवण आल्यावाचून राहत नाही. इथून पलीकडे जायला फेरीबोट आहे. ती नसेल तेव्हा राई-भातगाव पुलावरून आत मोठा वळसा घालावा लागतो.

बोटीत आधी मोटारी आणि दुचाक्या चढतात आणि सायकलींना शेवटी कठड्याला टेकून जागा मिळते. पाणी उतरू लागून तीनेक तास झाले होते, त्यामुळे धक्क्याच्या काँक्रीटच्या उताराचा खालचा भाग उघडा पडला होता आणि त्यावर हिरवे शेवाळ चकाकत होते. बोटीच्या तोंडाची लोखंडी फळी जिथे टेकली होती, ती जागा नेमकी त्या शेवाळात होती. सामान लादलेली सायकल अशा उतारावर तिरकी धरली की मागचे चाक घसरून सायकल आडवी होते, म्हणून एकीने हँडल आणि दुसरीने मागचा कॅरिअर धरून एकेक सायकल सरळ रेषेत उतरवली. बोटीवरच्या कामगाराने न सांगता पुढे होऊन चाकाखाली गोणपाट टाकले, आणि फळीवर चाक चढले तेव्हाच तो बाजूला झाला. बोट निघाल्यावर लक्षात आले की तिचे तोंड जयगडच्या धक्क्याकडे नव्हते, बरेच पूर्वेला, खाडीच्या आतल्या बाजूला वळवलेले होते. ओहोटीचे पाणी आणि नदीचा प्रवाह दोन्ही समुद्राकडे ओढत होते. चालक तेवढा कोन राखून होता आणि बोट तिरक्या चालीने बरोबर धक्क्यावर लागली.

रेवस-रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली, म्हणजे १९८०-८२ ची आहे, आणि आता किनाऱ्यावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याच्या योजना पुढे सरकत आहेत. रुग्णाला रात्री-अपरात्री पलीकडे न्यायचे असेल किंवा मुलांना कॉलेजला जायचे असेल तर पुलाची गरज आहे आणि तो लवकर व्हावा, असे मला मनापासून वाटते. पण पूल झाल्यावरही या बोटी चालू राहाव्यात, अशीही माझी तितकीच इच्छा आहे. बोटीतल्या त्या थोड्या वेळात मासे विकून परतणाऱ्या दोघी जणी आमच्याशी बोलल्या, आमच्या पिशव्या उचलून पाहिल्या, आणि "रात्री कुठे निजणार, पोरींनो?" असे विचारून मालगुंडला कोणत्या बाजूला गोड्या पाण्याची सोय आहे ते सांगितले. पुलावरून भरधाव जाताना ही भेट झाली नसती.

जयगडला धक्क्यापासूनचा चढ दिवसातला सर्वांत कठीण वाटला, कारण तो उन्हात तापलेल्या वेळी आणि थंड पाण्यावरून उतरल्याबरोबर येतो. वर सड्यावर कोळशावर चालणारे १,२०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे आणि बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांची वर्दळ असते. तिथे आम्ही एकीमागे एक, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून गेलो आणि नांदिवड्याकडे वळेपर्यंत एकही शब्द बोललो नाही. वळल्यावर एकदम शांतता झाली. कऱ्हाटेश्वराचे देऊळ समुद्राच्या अगदी कड्यावर आहे आणि तिथल्या गोमुखातून गोडे पाणी येते. सकाळपासून सड्याच्या ज्या झिरपणाऱ्या पाण्याबद्दल आम्ही बोलत होतो, ते इथे खाऱ्या पाण्यापासून काही हातांवर, ओंजळीत घेता आले. बाटल्या भरल्या, तोंड धुतले, आणि कॅरिअरवर दिवसभर वाळलेला तंबू उतरवून पिशवीत भरला.

तिथून उंडी, रीळ, वरवडे करत मालगुंडला साडेपाचपर्यंत पोचलो. केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक याच गावात आहे. उजेड असेपर्यंत तंबू लावायचा असल्याने ते दुसऱ्या सकाळवर ठेवले. योगायोग असा की केशवसुत आणि गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले, दोघांचेही जन्मवर्ष १८६६. मध्ये एक खाडी आणि सायकलचा एक दिवस एवढेच अंतर.

पुळणीच्या मागे सुरूचे बन होते आणि त्यालगतच्या वाडीच्या मालकांनी बनाच्या आतल्या बाजूला तंबू लावायला आनंदाने परवानगी दिली. बहीण मात्र बनाच्या पुढे, वाळू जिथे किंचित उंच होती, तिथे लावू म्हणत होती. दुपारच्या भरतीची रेघ तिथून बरीच खाली दिसत होती: वाळलेले शेवाळ, नारळाच्या शेंड्या, शिंपल्यांचा चुरा यांची एक ओळ. वाडीवाल्या दादांनी ती रेघ पाहिली आणि हसून मान हलवली.

"दुपारची रेघ धरू नका, ताई. थंडीत रात्रीचं पाणी मोठं येतं. त्यात आज पुनव."

हे मला वाचून माहीत होते, पण प्रत्यक्ष जमिनीवर कोणी दाखवले नव्हते. चोवीस तासांतल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दिवसा येते आणि हिवाळ्यात ती रात्री येते. दादांनी आम्हाला वर नेऊन दुसरी रेघ दाखवली. ती फिकट होती, वाळू कोरडी असल्याने पटकन दिसत नव्हती, पण मर्यादवेलीच्या पहिल्या पानांत अडकलेल्या काड्या आणि एक तुटलेला जाळ्याचा तुकडा पाहिल्यावर ती स्पष्ट झाली. ती आदल्या रात्रीच्या पाण्याची होती. बहिणीने निवडलेली जागा तिच्या जेमतेम दोन हात वर होती. आम्ही तंबू बनाच्या आत, मर्यादवेलीच्याही मागे लावला. वाळूत नेहमीच्या खुंट्या धरत नाहीत, म्हणून वाळू भरलेल्या लहान पिशव्यांना दोऱ्या बांधून त्या हातभर खोल पुरल्या. शेकोटी पेटवली नाही आणि डोक्यावरच्या बॅटरीवर लाल कागद गुंडाळला. इथेही कासवे येतात, आणि पांढऱ्या उजेडाने मादी किनाऱ्यावरून मागे फिरते, तर पिल्ले समुद्राची दिशा चुकतात. लहान गॅसवर मुगाची खिचडी शिजवली. त्या वेळी पूर्वेला माडांच्या मागून चंद्र वर आला होता आणि पाणी अजून खूप दूर होते.

पावणेबाराला आवाजाने जाग आली. संध्याकाळी लांबून येणारी गाज आता अगदी जवळ आली होती. बाहेर येऊन पाहिले तर दुपारच्या भरतीची रेघ पाण्याखाली केव्हाच गेली होती आणि लाटेचे पातळ पाणी मर्यादवेलीच्या पानांना शिवून परतत होते. बहिणीने संध्याकाळी पायाने आखलेली तंबूची जागा ओली झाली होती. ती काही न बोलता तिथपर्यंत चालत गेली, पाण्याच्या काठावर एक काडी रोवून आली आणि आम्ही पंधरा-वीस मिनिटे बसून राहिलो. पाणी त्या काडीच्या पुढे एकदाच, टाचभर गेले आणि मग मागे मागे सरू लागले.

झोपण्याआधी दुसऱ्या दिवसाचा बेत लिहून ठेवला. प्रतिपदा, म्हणजे दुपारी पाऊणला भरती आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास सुकती. सकाळी आधी केशवसुत स्मारक, मग गणपतीपुळे, आणि मतलई वारा पडण्याआधी आरे-वारेचा चढ. भाट्याची पुळण ओहोटीला, म्हणजे संध्याकाळी सातच्या आसपास मिळेल. तोवर रत्नागिरीत मागच्या ब्रेकचे पॅड बदलून घ्यायचे आहेत.